पावसाळ्यात नानकटाई सादळते, ब्रेडला बुरशी येते, केक चिकट होतो: घरी भाजलेलं टिकवायचं कसं?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

तीन वेगवेगळ्या पदार्थांबद्दल विचारायचं आहे. शक्य तितकी मापं देते, म्हणजे नेमकं कुठे बिघडतंय ते सांगता येईल.

1) नानकटाई. मैदा 200 ग्रॅम, बेसन 30, रवा 20, साजूक तूप 125, पिठीसाखर 100. एक गोळा साधारण 35 ग्रॅमचा. ओटीजीत 170 अंशांवर 18 मिनिटं. गार झाल्यावर स्टीलच्या 5 लिटरच्या डब्यात भरते. पहिल्या दिवशी खुसखुशीत असते, तिसऱ्या दिवशी मऊ. डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवली तरी फरक नाही.

2) ब्रेड. कणीक 300 ग्रॅम, मैदा 150. तासाभराने पिशवीत घालते. बाहेर ठेवला तर तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके, फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्याच दिवशी दगड. एकदा मधला भाग चिकट झाला आणि पिकून गेलेल्या खरबुजासारखा वास आला. बुरशी मात्र दिसत नव्हती. तो काय प्रकार?

3) केळ्याचा केक. दुसऱ्या दिवशी वरचा भाग हाताला चिकटतो, तिसऱ्या दिवशी वास बदलतो.

शिवाय नानकटाई पुण्याला हॉस्टेलवर पाठवायची असते. कुरिअरला दोन-तीन दिवस लागतात. पोहोचेपर्यंत शाबूत आणि कुरकुरीत राहील असं पॅकिंग सांगा.

लोणकढं

नानकटाईपुरतं लिहितो. ब्रेडचं दुखणं अगदी उलट आहे, ते त्यातल्या जाणकारांनी सांगावं. नानकटाई बिघडते पाणी आत आल्याने, ब्रेड बिघडतो तो आतल्या पाण्यामुळे आणि पिष्टामुळे (स्टार्चमुळे). दोघांना एकच नियम लावला की दोन्ही जातात.

तुमचा दोष डब्याच्या आधी भट्टीत आहे. 35 ग्रॅमचा गोळा 18 मिनिटांत कडेने भाजतो, मध्ये ओला राहतो. गार झाल्यावर एक नानकटाई बरोबर मधून मोडा आणि उजेडात धरा. कडेचा भाग फिकट, भुसभुशीत दिसेल. मध्ये रुपयाएवढी किंचित गडद, दाट चकती दिसली तर ते राहिलेलं पाणी आहे. डबा बंद केला की ते पाणी हळूहळू कडेपर्यंत पसरतं आणि सगळी नानकटाई एकसारखी मऊ पडते. बाहेरची हवा आत शिरली नाही तरी हे होतं.

गोळा 20 ते 22 ग्रॅमचा करा. 160 अंशांवर 18 मिनिटं, मग तापमान 120 वर आणून आणखी 12 ते 15 मिनिटं. दुसरा टप्पा रंगासाठी नाही, सुकवण्यासाठी आहे. ओटीजीची काच वाफेने धुरकट दिसत असेल तर त्या टप्प्यात दार बोटभर उघडं ठेवा.

सुकलं की नाही हे वजनावरून कळतं. तुमच्या मापाने एकूण गोळा 475 ग्रॅमचा होतो. मैदा-बेसन-रव्यात मुळातच 13 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे 250 ग्रॅममध्ये सुमारे 32 ग्रॅम. साजूक तुपात पाणी जवळपास नसतंच. नीट भाजलेल्या नानकटाईत अडीच-तीन टक्के पाणी राहतं, म्हणून सगळी ताटली भाजून 450 ते 455 ग्रॅम भरायला हवी. 465 भरली तर ती आठवडाभर टिकणार नाही, डबा कुठलाही असो. तुपाऐवजी बटर घेतलंत तर हिशेब बदलतो: 125 ग्रॅम बटरमध्ये सुमारे 20 ग्रॅम पाणी असतं, तेही उडायला पाहिजे. दूध किंवा दही घातलं तर तेवढं आणखी.

आता डबा. लोकांना वाटतं की डब्यात अडकलेली दमट हवा नानकटाई सादळवते. हिशेब करून पाहू. 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता धरली, तर 5 लिटर हवेत पाण्याची वाफ असते जेमतेम 0.12 ग्रॅम. अर्धा किलो नानकटाई मऊ पडायला निदान 10 ग्रॅम पाणी लागतं. म्हणजे एकदा अडकलेली हवा निरुपद्रवी आहे. खरं नुकसान दोन गोष्टी करतात: झाकणातून होणारी गळती आणि सारखं उघडणं. अर्धा किलो नानकटाईसाठी 5 लिटरचा डबा घेतला, तर दर उघडझापीला आतली बहुतेक हवा बदलते. घरात मुलं असली की दिवसाला दहा वेळा, म्हणजे रोज ग्रॅमभर पाणी आत. दहा दिवसांत काम तमाम.

म्हणून मोठा साठा एका डब्यात, रोजचं खाणं लहान बरणीत. मोठा डबा चार-पाच दिवसांतून एकदाच उघडायचा. आणि डबा असा निवडायचा की तो भरलेला राहील.

गळती तपासायची सोपी रीत: भरलेला बंद डबा स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. तीन दिवस न उघडता पुन्हा तोला. एका ग्रॅमचाही फरक नसेल तर झाकण चांगलं. दोन-तीन ग्रॅमने वाढलं असेल तर तेवढं पाणी आत शिरलंय.

तांदळाचं सांगतो, कारण हा सल्ला सगळीकडे फिरत असतो. कोठीतल्या तांदळात आधीच 12-13 टक्के पाणी असतं. नानकटाई त्यापेक्षा कितीतरी कोरडी. पाणी ओल्याकडून कोरड्याकडे जातं, तेव्हा ती पुरचुंडी नानकटाईला पाणी *देते*. तांदूळ वापरायचेच असतील तर 110 अंशांवर दोन तास सुकवून, गार होताच लगेच डब्यात घाला, आणि दर आठवड्याला पुन्हा सुकवा. मिठाचा उपयोग नाही, कारण आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय मीठ पाणी धरत नाही, आणि डब्यातली हवा इतकी दमट झाली तोवर नानकटाई केव्हाच सादळलेली असते.

सिलिका जेल चालतं, पण खाद्यपदार्थांसाठीचंच घ्या. निळे दाणे जे ओले झाल्यावर गुलाबी होतात, त्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं. ते खाण्याच्या डब्यात नको. आणि 5 ग्रॅमची एक पुडी इतक्या कोरड्या डब्यात जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम पाणी धरते. अर्धा किलोला चार-पाच पुड्या लागतील. झाकण गळकं असेल तर त्याही दोन दिवसांत भरून जातात.

भट्टीवरची_राख

वरच्यात भर. गार करण्याबद्दल पावसाळ्यात वेगळं वागावं लागतं. उन्हाळ्यात नानकटाई जाळीवर रात्रभर राहिली तरी चालते. आषाढ-श्रावणात कोकणात ती रात्रभर उघडी राहिली की डब्यात जाण्याआधीच सादळलेली असते. जाळीवर 30 ते 40 मिनिटं पुरतात. हाताच्या पालथ्या बाजूला ऊब लागेनाशी झाली की ताबडतोब भरायची. कोमट भरली तर झाकणाच्या आतून थेंब धरतात, ते वेगळंच संकट.

सादळलेली परत कुरकुरीत होते: 140 अंश, एका थरात, 8 ते 10 मिनिटं, मग जाळीवर गार. मायक्रोवेव्ह नको, त्यात वाफ आतच फिरते आणि नानकटाई वातड होते. पण हे एकदा, फार तर दोनदा. प्रत्येक वेळी तूप पुन्हा तापतं आणि खवटपणा जवळ येतो.

खवट झालेलं कशानेही परत येत नाही, आणि तो सादळण्यापेक्षा वेगळा आजार आहे. त्याला हवा, उजेड आणि ऊब लागते. ओट्यावर काचेच्या बरणीत दिसायला छान, पण उन्हाची तिरीप येत असेल तर तूप लवकर उतरतं. काचेची बरणी कपाटात ठेवा. साजूक तुपाची, नीट सुकवलेली नानकटाई बंद डब्यात तीन-चार आठवडे चांगली लागते. अक्रोड, शेंगदाणे किंवा तीळ घातलेली बिस्किटं दोन आठवड्यांत संपवा. नुसत्या कणकेचीही मैद्यापेक्षा आधी उतरतात, कारण गव्हाच्या अंकुरातलं तेल तिच्यात असतं.

डबा पुन्हा भरण्याआधी नुसता पुसून चालत नाही. जुन्या तुपाचा जो पातळ चिकट थर कोपऱ्यात आणि झाकणाच्या वळीत राहतो, तो आधीच खवट असतो आणि नव्या मालाला बिघडवतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण, वळीत जुना टूथब्रश. मग उन्हात, ऊन नसेल तर गरम ओव्हनच्या शेजारी पूर्ण कोरडा. रिकाम्या डब्यात नाक घालून वास घ्या. काहीही वास येत असेल तर पुन्हा धुवा.

गुळाची बिस्किटं करत असाल तर ती वेगळ्या डब्यात. गूळ आणि मध साखरेपेक्षा जास्त पाणी ओढतात, पावसाळ्यात ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ होणारच. कुरकुरीत आणि मऊ पदार्थ एका डब्यात कधीच नको. केकचा एक तुकडा खारीच्या डब्यात राहिला तर सकाळपर्यंत केक कोरडा आणि खारी नरम, दोन्ही वाया.

पोईकार (म्हापसा)

ब्रेडचं मी घेतो.

आधी त्या खरबुजाच्या वासाचं, कारण ते सर्वांत महत्त्वाचं आहे. ती बुरशी नाही, जिवाणू आहेत. बॅसिलस जातीचे बीजाणू पिठात असतात, कणकेत मैद्यापेक्षा जास्त, कारण ते धान्याच्या सालीवर बसलेले असतात. ब्रेडचा मधला भाग 100 अंशांच्या वर कधी जात नाही आणि हे बीजाणू तेवढ्याने मरत नाहीत. मग ब्रेड 30 ते 40 अंशांत तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात. आधी गोड, अति पिकल्या फळाचा वास. मग मध्ये पिवळट-तपकिरी, ओलसर डाग. तो भाग दोन बोटांत धरून हळूच ओढला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चकचकीत धागे निघतात. असा ब्रेड पूर्ण फेकायचा. भाजून, टोस्ट करून खायचा नाही, त्याचा चुरा साठवायचा नाही. सुरी, पाट, डबा, जाळी साबणाने धुऊन व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन पुसायचं आणि वाळवायचं. नाहीतर पुढच्या ब्रेडलाही तेच.

टाळायचं कसं? पहिलं म्हणजे पूर्ण भाजणं. टोचायचा थर्मामीटर असेल तर मधलं तापमान 94 ते 96 अंश यायला हवं. दुसरं, लवकर गार करणं. साच्यातून पाच मिनिटांत बाहेर, जाळीवर, चारी बाजूंनी हवा, पंखा चालेल. तुमचा 450 ग्रॅम पिठाचा ब्रेड तासाभरात गार होत नाही. वरून गार लागतो, आत 45-50 अंश असतो. त्याला अडीच तास द्या. कोमट ब्रेड पिशवीत गेला की पिशवीच्या आत दव जमतं, सालीचा वरचा थर भिजतो, आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. तिसरं, पिठात आंबटपणा. 500 ग्रॅम पिठाला 5 टक्क्यांचं साधं पांढरं व्हिनेगर 15 मिली घाला, पाण्यातून तेवढं कमी करा. चव कळत नाही, जिवाणूंना मात्र जड जातं. आंबवलेल्या पिठाचं विरजण वापरून केलेला ब्रेड याच कारणाने जास्त टिकतो.

बुरशीचे बीजाणू उलट भट्टीत मरतात. त्यामुळे हिरवे ठिपके येतात ते भाजल्यानंतर लागलेल्या बीजाणूंचे: सुरीवरून, पाटावरून, ओल्या फडक्यावरून, हवेतल्या पिठाच्या धुळीतून. ब्रेड गार होत असताना त्याच ओट्यावर पीठ चाळू नका. सुरी धुऊन, गॅसवर क्षणभर तापवून, गार करून मग कापा. सगळा ब्रेड एकदम कापला तर प्रत्येक काप ही बुरशीला नवी जमीन. बाहेर ठेवायचा असेल तर लागेल तेवढाच कापा, कापलेली बाजू खाली करून पाटावर, वर सुती फडकं आणि सैल पिशवी. एका कोपऱ्यात ठिपका दिसला तर तेवढा कापून बाकी खायचा नाही. ब्रेड मऊ असतो, तंतू डोळ्यांना दिसत नाहीत तिथपर्यंत पोहोचलेले असतात.

आता फ्रीज. ब्रेड कडक होतो तो पाणी उडाल्याने, असा सर्वसाधारण समज आहे. बंद पिशवीतही तो कडक होतो, कारण भाजताना फुगलेलं पिष्ट गार झाल्यावर पुन्हा घट्ट रचना धरतं. ही क्रिया 0 ते 5 अंशांत सर्वांत जलद होते, म्हणजे नेमकी तुमच्या फ्रीजच्या तापमानाला. उणे 18 अंशांत ती जवळपास थांबते. म्हणून ब्रेडला बाहेरची जागा दोन दिवस, नाहीतर थेट फ्रीजर. मधली जागा नाही.

तुमच्यासाठी पद्धत: पूर्ण गार झाल्यावर सव्वा सेंटीमीटरचे काप. चार-चार कापांची चळत, मध्ये बटर पेपर, क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून झिप पिशवीत, हवा दाबून बाहेर. भाजल्या दिवशीच. शिळा झालेला ब्रेड फ्रीजरमध्ये घातला तर शिळाच बाहेर येतो. महिनाभर चव चांगली राहते. पुढे कडांना पांढरे कोरडे चट्टे येतात. काप थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर झाकण ठेवून. अख्खा तुकडा वितळवायचा असेल तर पिशवी न उघडता, म्हणजे दव पिशवीवर जमेल, ब्रेडवर नाही.

फ्रीजमध्ये आधीच कडक झालेला ब्रेड 60 अंशांच्या वर तापला की पुन्हा मऊ होतो: वरून पाण्याचा हबका, फॉइल, 150 अंशांवर 12 ते 15 मिनिटं. पण लगेच खायचा. गार झाल्यावर तो आधीपेक्षा लवकर कडक होतो.

मऊपणा मुळातच वाढवायचा असेल तर 25 ग्रॅम मैदा 125 ग्रॅम पाण्यात मंद आचेवर 65 अंशांपर्यंत शिजवून, लापशीसारखा झाला की गार करून पिठात घाला. हे पीठ आणि पाणी एकूण मापातूनच घ्यायचं. शिवाय 20 ग्रॅम तेल किंवा तूप. चरबी आणि शिजलेलं पिष्ट दोन्ही शिळेपण लांबवतात. आमच्या गोव्याकडच्या पोई आणि उंडा या पावांत चरबी नसते, म्हणून तर पोदेर (पाववाला) सकाळ-संध्याकाळ दोनदा फिरतो. तो पाव त्या त्या वेळीच खायचा असतो.

वऱ्हाडी_चूल (नागपूर)

विदर्भातल्या वाचकांसाठी एवढंच: मे महिन्यात आमच्याकडे हे सगळं उलटं असतं. हवा इतकी कोरडी की सादळलेली खारी उघड्यावर कुरकुरीत होते आणि केक अर्ध्या तासात कडेने वाळतो. तिथे केक कोमट असतानाच, म्हणजे साधारण 40 अंशांवर, फिल्ममध्ये गुंडाळावा लागतो. हाच सल्ला चिपळुणात जुलैमध्ये पाळू नका. पाककृतीत "पूर्ण गार करा" किंवा "कोमट गुंडाळा" लिहिलेलं असतं तेव्हा ती कुठल्या हवेत लिहिली आहे हे आधी पाहा.

साखरपाक

केळ्याचा केक. वरचा भाग चिकटतो हा बिघाड नाही, साखरेचा स्वभाव आहे. केळ्यातली साखर पाणी ओढते, आतलं पाणी वरच्या थराकडे येतं. गुंडाळण्याआधी पूर्ण गार करा, डब्यात तळाला आणि झाकणाखाली कोरड्या टिश्यूचा एकेक थर ठेवा, रोज बदला. चिकटपणा बराच कमी होतो.

वास बदलतो ते मात्र खरं बिघडणं. या केकमध्ये पाणी भरपूर. चिपळूणच्या पावसाळ्यात बाहेर दोन दिवस, त्याहून जास्त नाही. तिसऱ्या दिवसासाठी पहिल्याच दिवशी फ्रीजमध्ये. तेलाचा केक फ्रीजमध्ये मऊ राहतो, कारण तेल तिथे गोठत नाही. लोण्याचा केक घट्ट होतो, खाण्याआधी 30 ते 45 मिनिटं बाहेर काढा. तुमच्या केकमध्ये लोणी असेल तर अर्धं तेल करून पाहा.

मावा केक दुधाचा असल्याने बाहेर एकच दिवस, फ्रीजमध्ये चार-पाच. ओल्या नारळाचा बाथ (गोव्याचा रव्याचा केक) दोन दिवस बाहेर, मग फ्रीज, कारण नारळ आंबतो. बेबिंक (गोव्याचा थरांचा गोड पदार्थ) यांत सगळ्यांत टिकाऊ: साखर आणि तूप एवढं असतं आणि थर न थर भाजून पाणी गेलेलं असतं. क्रीम लावलेलं काहीही बाहेर नको, खाण्यापुरतं काढा. दोन-तीन दिवसांत संपवा.

कापलेल्या केकची उघडी बाजू सुकते. कडेने कापण्याऐवजी मधून काप काढा आणि उरलेले दोन भाग एकमेकांना भिडवून ठेवा, म्हणजे उघडी बाजूच राहत नाही. फ्रीजमध्ये डबा घट्टच हवा. कोकणातल्या फ्रीजमध्ये सोडे, बोंबील असतात आणि लोणी-अंड्याचा केक तो वास चटकन धरतो.

पावसाळ्यात एक गोष्ट सगळ्यांनी पाळावी. 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेच्या हवेत 25 अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव जमतं. म्हणजे फ्रीज-फ्रीजर सोडाच, एसीच्या खोलीतून आणलेल्या बिस्किटांवरही. डबा बाहेर काढल्यावर बंदच ठेवा. फ्रीजमधल्याला तास, फ्रीजरमधल्याला दोन तास. मग उघडा.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. डब्याचं वजन करून पाहिलं. तीन दिवस न उघडता 4 ग्रॅमने वाढलं, म्हणजे झाकणच गळतंय. डबा बदलायचा की काही उपाय आहे? आणि सतत वीज जाते, फ्रीजरचा भरवसा कसा ठेवायचा?

लोणकढं

4 ग्रॅम म्हणजे बरीच गळती. डबा टाकू नका. आत अन्नासाठीची जाड पॉलिथिनची पिशवी अस्तरासारखी घाला, नानकटाई भरा, हवा दाबून काढा, पिशवीचं तोंड पिळून दुमडा आणि रबर लावा, मग झाकण. साधं पॉलिथिन पाण्याची वाफ चांगली अडवतं. वास आणि हवा मात्र त्यातून जाते, म्हणून वर स्टीलचा डबा हवाच. मऊ, पातळ कॅरीबॅग नको. किंवा काचेची रबरी कडीची क्लिपवाली बरणी घ्या. तिचं रबर दर वर्षी पाहा. कडक झालं, भेगा पडल्या की बदला.

विजेबद्दल: एका छोट्या पिशवीत दोन बर्फाचे खडे वेगळे टाकून ठेवा. ते वितळून एकत्र गोठलेले दिसले तर मधे फ्रीजर गरम झाला होता. नुसता ब्रेड असेल तर त्याच दिवशी टोस्ट करून संपवा, क्रीमचं असेल तर फेका. फ्रीजर भरलेला असला की थंडावा जास्त टिकतो, मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवा. वीज गेल्यावर दार उघडायचं नाही.

याहून बरा उपाय तुमच्यासाठी: नानकटाई भाजून साठवूच नका, गोळे साठवा. 20 ग्रॅमचे गोळे ताटलीवर तासभर गोठवून मग पिशवीत. दोन महिने राहतात. लागतील तेव्हा आठ-दहा काढून थेट भाजायचे, वेळ फक्त तीन-चार मिनिटं जास्त. खाण्याचा सोडा घालत असाल तर बेत थोडा बदला: बेकिंग पावडर घ्या, सोड्याचा जोर दिवसागणिक कमी होतो.

भट्टीवरची_राख

पार्सलचं राहिलंच. हॉस्टेलसाठी रवा 20 ऐवजी 30 ग्रॅम करा, मैदा तेवढा कमी, आणि गोळा चपटा करा, मध्ये जाड आणि कडेला पातळ नको. पातळ कडाच आधी फुटतात.

अॅल्युमिनियमच्या थराची पिशवी घ्या, उभी राहणारी, आतून चकचकीत. दोन नानकटाया पाठीला पाठ लावून जोडी, प्रत्येक जोडीभोवती बटर पेपर, जोड्या उभ्या रचायच्या, आडव्या नाहीत. आडव्या रचल्या तर तळाच्या जोडीवर सगळं ओझं येतं. वर उरलेल्या जागेत चुरगळलेला बटर पेपर इतका की पिशवी हलवल्यावर आवाज येऊ नये. झिप लावा, पण झिपवर विसंबू नका. तिच्या वर दोन सेंटीमीटरवर हँड सीलरने सील करा. सील केल्यावर पिशवी पाण्याच्या बादलीत दाबून पाहा. बुडबुडा आला तर पुन्हा सील. तपासणी झाली की पुसून कोरडी करा.

मग ही पिशवी कडक डब्यात, डबा खोक्यात, खोक्याच्या सहाही बाजूंना निदान तीन सेंटीमीटर वर्तमानपत्राचे बोळे. भाजल्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवा, त्याच दिवशी नाही. पहिल्या दिवशी तूप अजून नीट थिजलेलं नसतं आणि नानकटाई सर्वांत ठिसूळ असते. एका पिशवीत अर्धा किलो न भरता अडीचशे-अडीचशेच्या दोन करा, म्हणजे तिथे गेल्यावर एक उघडली तरी दुसरी बंद राहील. त्यांच्या खोलीत क्लिपवाला डबा बहुधा नसतोच.